ज्युबिलीला कळली तिची भाषा

हेलसिंकी ऑलिम्पिक, १९५२ म्हटलं की आपल्याला एकच नाव आठवतं, खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाने तिथे कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ही गोष्ट तुम्ही शाळेपासून ऐकली असेल. पण खाशाबांच्या पदकानंतर काही दिवसांतच तिथे आणखी एक पदक दिलं गेलं, त्याची गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. ते होतं डेन्मार्कच्या लिस हार्टेलचं. खेळ होता ड्रेसेज. आणि लिसच्या गुडघ्याखाली दोन्ही पायांत जीव नव्हता.

ड्रेसेज म्हणजे सोप्या शब्दांत घोड्याचं शास्त्रीय नृत्य. इथे शर्यत नाही, अडथळ्यांवरून उड्या नाहीत. आखलेल्या मैदानात घोड्याने ठरलेल्या चाली ठरलेल्या जागी करायच्या. जागच्या जागी ठेका धरायचा, तिरकं सरकायचं, मागच्या पायांवर भार घेऊन गिरकी घ्यायची. परीक्षक प्रत्येक चालीला गुण देतात. गंमत म्हणजे, हे सगळं घोडा स्वतःहून करतोय असं वाटायला हवं. रायडरची हालचाल जितकी कमी दिसेल तितकी कमाल! मग घोड्याला कळतं कसं? तीन गोष्टींतून. हातातला लगाम, खोगिरावरचं बसणं आणि पोटऱ्यांचा हलकासा दाब. यातल्या पायांचं काम किती मोठं, हे कुठल्याही रायडिंग स्कूलमध्ये पहिल्याच आठवड्यात समजतं.

आता लिसकडे येऊ. जन्म १९२१ चा. १९४३ आणि १९४४, लागोपाठ दोन वर्षं ती डेन्मार्कची ड्रेसेज चॅम्पियन होती. १९४४ च्या सप्टेंबरमध्ये तिला पोलिओ झाला. वय २३ आणि त्यात ती गरोदर. आपल्या पिढीने पोलिओ पाहिला तो पोस्टरवर, 'दो बूंद'च्या जाहिरातीत. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला. लिसच्या काळात मात्र लसच नव्हती. साल्क यांची लस यायला १९५५ उजाडलं.

तिला निरोगी मुलगी झाली. त्यानंतर सुरू झाला स्वतःचंच शरीर पुन्हा शिकण्याचा उद्योग. आधी हात उचलायचे, मग रांगायचं, मग कुबड्यांवर उभं राहायचं. बरेच स्नायू परत आले. गुडघ्याखालचे आले नाहीत. हातांतली ताकदही पहिल्यासारखी राहिली नाही.

मग चालवायचा कसा घोडा?

अशा बातम्यांमध्ये 'जिद्द' हा शब्द लगेच येतो आणि गोष्ट तिथेच संपते. पण नुसत्या जिद्दीने पोटरी हलत नाही ना! लिसने घोड्याशी बोलायची पद्धतच बदलली. पाठ, कंबर, मांड्या आणि शरीराचा तोल एवढ्यावरच इशारे द्यायचे, आणि तिच्या ज्युबिली नावाच्या घोडीने ते ओळखायचे. आजारानंतर तीनच वर्षांनी, १९४७ मध्ये, ती स्कँडिनेव्हियन स्पर्धेत दुसरी आली. घोडीवर बसायला आणि उतरायला मात्र तिला शेवटपर्यंत कुणाची तरी मदत लागायची. ती घ्यायला ती लाजली नाही.

एवढं करूनही ऑलिम्पिकचं दार बंदच होतं. कारण पोलिओ नव्हता, नियम होता. ऑलिम्पिकच्या ड्रेसेजमध्ये फक्त लष्करी अधिकारीच उतरू शकत. म्हणजे महिला नाहीत आणि साधे सैनिकही नाहीत. हा नियम किती कडक, ते बघा. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये स्वीडनच्या संघाने सुवर्ण जिंकलं. नंतर कळलं की त्यांच्यातला एक जण, गेनाल पेर्सोन, खरा अधिकारीच नाही. स्पर्धेपुरती त्याला बढती दिली होती. झालं, संघाचं सुवर्ण काढून घेतलं! तो घोडा कसा चालवतो यावर कुणी आक्षेप घेतलाच नव्हता. प्रश्न फक्त खांद्यावरच्या फितीचा होता.

१९५२ ला हा नियम गेला. हेलसिंकीत ड्रेसेजसाठी चार महिला मैदानात उतरल्या आणि त्यांतली एक होती लिस. वेगळा महिला गट नव्हता, सगळे एकाच यादीत. स्वीडनचे हेन्री सेंट सिर ५६१ गुणांसह पहिले. लिस ५४१.५ गुणांसह दुसरी. तिसरे आलेले फ्रान्सचे आंद्रे जुसोम ५४१ वर, म्हणजे फक्त अर्धा गुण मागे. अश्वारोहणात वैयक्तिक ऑलिम्पिक पदक जिंकणारी ती पहिली महिला ठरली. पदक घ्यायची वेळ आली तेव्हा पोडियमवर चढायला तिला आधार दिला तो खुद्द सेंट सिर यांनी.

योगायोग म्हणाल, तर तो एकदाच घडतो. १९५६ चं ऑलिम्पिक मेलबर्नला होतं, पण ऑस्ट्रेलियाच्या क्वारंटाइन नियमांमुळे घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोमला झाल्या. तिथेही सेंट सिर पहिले, लिस दुसरी. घोडी तीच, ज्युबिली.

पुढे काय झालं?

लिसच्या उदाहरणानंतर घोडेस्वारीचा उपचार म्हणून वापर करण्याला युरोपात जोर आला. १९९६ पासून पॅरा-ड्रेसेज पॅरालिम्पिकमध्ये आहे. आणि ज्या खेळात बायकांना प्रवेशच नव्हता, त्यात टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकला वैयक्तिक स्पर्धेची तिन्ही पदकं महिलांनी नेली, पुरुषांसोबत खेळून. आपल्याकडचंही बघा. हांगझोऊ एशियाडमध्ये २०२३ ला भारताने ड्रेसेजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. त्या चौघांच्या संघात मुंबईच्या हृदय छेडा आणि अनुष अगरवालासोबत सुदीप्ती हाजेला आणि दिव्यकृती सिंग होत्या. १९५० सालचा नियम लावला असता, तर या चौघांतलं कुणीच मैदानात दिसलं नसतं.

लिस २००९ मध्ये गेली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला ड्रेसेज लागलं, तर चॅनेल बदलू नका. पाच मिनिटं रायडरच्या पोटऱ्यांकडे बघा. घोडा वळण्याआधी तिथे काहीतरी हलकंसं घडतं. ते 'काहीतरी' नसताना लिसने दोन रौप्यपदकं जिंकली होती, हे मग नीट कळेल.