चित्रपटांचा संच घ्यावा कीं एकेक चित्रपट?

ग्रंथसंग्रह करणाऱ्या गृहस्थास एक जुना प्रश्न नेहमींच पडत आला आहे. आवडत्या ग्रंथकाराचें समग्र वाङ्मय एकदम घ्यावें, कीं हवें तेवढेंच पुस्तक निवडून घ्यावें? चित्रपट जोंपर्यंत थिएटरांतच पाहावयाचा असे, तोंपर्यंत त्याच्या बाबतींत हा प्रश्न उद्भवत नव्हता. १९७६ सालीं जपानांत व्हीएचएस कॅसेट निघाली आणि चित्रपट घरच्या कपाटांत येऊन बसला. पुढें नोव्हेंबर १९९६ मध्यें त्याच देशांत डीव्हीडीची तबकडी विक्रीस आली, आणि बोटभर जाडीच्या डबींत संपूर्ण चित्रपट मावूं लागला. ह्या तबकड्यांचा व्यापार दोन रीतींनीं चालत आला आहे : एक सुट्या चित्रपटांचा व दुसरा अनेक चित्रपटांच्या संचाचा. ह्यांपैकीं कोणता सौदा पदरांत घ्यावा, ह्याचा विचार वाटतो तितका सोपा नाहीं.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. 'संच' ह्या एकाच नांवाखालीं दोन अगदीं निरनिराळ्या वस्तु विकल्या जातात. एका प्रकारांत प्रत्येक चित्रपटास स्वतंत्र तबकडी असून त्या सर्व एका पेटींत ठेवलेल्या असतात. दुसऱ्या प्रकारांत एकाच तबकडीवर दोन, तीन किंवा अधिक चित्रपट कोंबलेले असतात. पहिल्या प्रकारांत प्रश्न केवळ पैशाचा असतो. दुसऱ्यांत चित्रपटाच्या प्रकृतीचाहि असतो.

हें कसें, तें थोड्या गणितानें स्पष्ट होईल. डीव्हीडीचा व्यास १२ सेंटिमीटर. तिच्या एका थरावर सुमारें ४.७ अब्ज बाइट मजकूर मावतो. एका बाइटांत आठ बिट, म्हणजे एकंदर ३७.६ अब्ज बिट झाले. आपल्याकडील अडीच तासांचा चित्रपट म्हणजे ९००० सेकंद. भागाकार केला म्हणजे दर सेकंदाच्या वांट्यास सुमारें ४२ लाख बिट येतात. आतां त्याच तबकडीवर तसे तीन चित्रपट घातले, तर हा वांटा १४ लाखांवर उतरतो. दोन थरांच्या तबकडींत ८.५ अब्ज बाइट मावतात; तेथें तीन चित्रपटांस सेकंदाला २५ लाख बिट मिळतात. ह्यांतूनच आवाजाचाहि वांटा काढावा लागतो. डीव्हीडीच्या नियमांप्रमाणें केवळ चित्रासाठींच सेकंदाला ९८ लाख बिटांपर्यंत खर्च करण्याची मुभा आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे काटकसर कोठवर गेली, तें कळून येईल.

ही काटकसर डोळ्यांस दिसते. तबकडीवर प्रत्येक चित्र संपूर्ण नोंदलेलें नसतें. मधून मधून एक चित्र पूर्ण ठेवून पुढील चित्रांत जें बदललें असेल, त्याचीच मुख्यतः नोंद केलेली असते. दोन माणसें स्वस्थ बसून बोलत असतील, तर बदल थोडा व नोंदहि थोडी. परंतु पाऊस कोसळूं लागला, धूर पसरला, किंवा शेंपन्नास माणसें नाचूं लागलीं, कीं चित्राचा कण न् कण बदलतो. अशा वेळीं बिटांचा तुटवडा असला, म्हणजे पडद्यावर लहान लहान चौकोन उठतात आणि चेहरे सारवल्यासारखे होतात. अर्थात् चांगल्या मूळ प्रतीवरून व कौशल्यानें केलेली दाट तबकडी निष्काळजीपणें केलेल्या विरळ तबकडीहून सरस ठरूं शकते. पण दोहोंकडे सारखीच काळजी घेतली असतां जागा जिला अधिक, तिचें चित्र चांगलें. शिवाय अशा तबकडीवर एक खोल ओरखडा पडला, तर तीनहि चित्रपट एकदम गमावण्याचा धोका असतो.

आतां पैशाची बाजू. भारतांत २००७ च्या सुमारास मोझर बेअर ह्या कंपनीनें व्हीसीडी २८ रुपयांस आणि डीव्हीडी ३४ रुपयांस विकावयास काढली. तोंपर्यंत अस्सल तबकडी सामान्य संसारी माणसास सहज परवडत नसे. किंमत एकदम खालीं आली, तशी अनेक चित्रपट एकत्र घेण्याची हौसहि वाढली. ह्या हौसेंत ग्राहकाची जी फसगत होते, ती बहुधा भागाकाराचीच. समजा, तीन चित्रपटांचा संच ९९ रुपयांस आहे आणि सुटा चित्रपट ६० रुपयांस. ग्राहक ९९ ला तिहींनीं भागतो आणि ३३ रुपयांस चित्रपट मिळाला म्हणून संतुष्ट होतो. परंतु त्यांतला एकच त्यास हवा असेल, तर त्या एकाचे त्यानें ९९ रुपये मोजलेले असतात. दोन हवे असतील, तर प्रत्येकास साडेएकोणपन्नास पडले व संच खरोखरच स्वस्त झाला. म्हणून भाजक निवडतांना पेटींत चित्रपट किती आहेत हें पाहूं नये. त्यांपैकीं किती आपण पुन्हां पाहणार आहों, तें पाहावें. जो आधींच आपल्या कपाटांत आहे, तोहि वजा करावा. पेटीच्या वरच्या थरांतील आंबे पाहून सबंध पेटीचा भाव करणारा मनुष्य तळाशीं हात घातल्यावर पस्तावतो, त्यांतलाच हा प्रकार.

अमेरिकेंत तर पन्नास पन्नास चित्रपटांचे गठ्ठे विकले गेले. दोन्ही बाजूंनीं भरलेल्या बारा तबकड्यांवर पन्नास चित्रपट! ते इतके स्वस्त कां, ह्याचें कारण कायद्यांत आहे. तेथील जुन्या नियमानें १९६४ पूर्वीं प्रसिद्ध झालेल्या चित्रपटाचा स्वामित्वहक्क २८ वर्षांनीं नव्यानें नोंदवावा लागे. ती नोंद राहून गेली, कीं चित्रपट सर्वांस खुला होई. १९४० चा 'हिज गर्ल फ्रायडे' असाच खुला झाला. आपल्या कायद्यांत नोंदीची अट नसून प्रसिद्धीनंतर ६० वर्षांची मुदत आहे; १९६० सालीं प्रसिद्ध झालेला चित्रपट १ जानेवारी २०२१ पासून मुक्त झाला. मात्र हक्क मुक्त झाला, म्हणजे चित्र स्वच्छ झालें असें नव्हे. अशा चित्रपटाची कोणीहि कसल्याहि झिजलेल्या प्रतीवरून तबकडी काढूं शकतो. 'फुकट तें पौष्टिक' हा न्याय येथें लागू पडत नाहीं.

येथवर ऐकून संच हा सर्वथा तोट्याचाच सौदा, असा कोणाचा समज झाल्यास तो बरोबर नाहीं. सत्यजित राय ह्यांच्या 'पथेर पांचाली' (१९५५), 'अपराजितो' (१९५६) आणि 'अपूर संसार' (१९५९) ह्या तीन चित्रपटांचें उदाहरण घ्यावें. १९९३ सालीं लंडनमधील एका प्रयोगशाळेस आग लागून त्यांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. जें उरलें, तें अमेरिकेंतील अकॅडमी फिल्म आर्काइव्हनें जपून ठेवलें. पुढें इटलींतील बोलोन्या येथें त्या फिती पुन्हां मऊ करून दुरुस्त करण्यांत आल्या. 'पथेर पांचाली'चा सुमारें ४० टक्के व 'अपराजितो'चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरूनच परत मिळवितां आला. बाकीचें काम इतर प्रतींवरून झालें. हा जीर्णोद्धार २०१५ सालीं पुरा होऊन क्रायटेरियन कंपनीनें तिन्ही चित्रपट एका संचांत प्रसिद्ध केले. येथें संचच योग्य होय. अपूचें बालपण, त्याची विद्यार्थिदशा आणि त्याचा संसार ही एकच जीवनकथा आहे. तिचा मधला भाग गाळून पुढचा पाहणें म्हणजे पुस्तकाचीं मधलीं पानें फाडणें होय.

आणखीहि एक गोष्ट ह्यांत आहे. 'अपराजितो'ला १९५७ सालीं व्हेनिस येथें सर्वश्रेष्ठ पारितोषिक मिळालें, तरी स्वदेशीं प्रेक्षकांनीं त्याचें फारसें स्वागत केलें नव्हतें. असा चित्रपट सुटा विकावयास कोणता व्यापारी सहज धजेल? प्रसिद्ध भावंडांच्या संगतीनें तो घरोघर जातो. कमी खपणारी परंतु मोलाची कृति टिकवून धरणें, ही संचाची खरी सेवा होय. ह्याच्या उलट, २००१ सालीं 'द गॉडफादर'चे तिन्ही भाग डीव्हीडीवर प्रथम आले, ते संचांतच. ज्यास पहिलाच भाग हवा, त्यासहि तिन्ही घेणें भाग पडलें. तीच संगत येथें सक्ति झाली.

हल्लीं चित्रपट इंटरनेटवरून घरीं येतो, मग तबकडीची उठाठेव कशाला, असेंहि कोणी विचारील. पण तेथील चित्रपट कराराच्या मुदतीपुरता असतो. मुदत संपली, कीं तो निघून जातो, आणि प्रेक्षकाचें त्यावर कांहीं चालत नाहीं. तबकडीचा व्यापारहि आतां पूर्वींसारखा राहिला नाहीं. मोझर बेअर कंपनी २०१८ सालीं अवसायनांत निघाली. जी तबकडी आज मिळते, ती उद्यां मिळेलच असें नाहीं. म्हणून निवड करण्यास आजच अधिक महत्त्व आलें आहे.

तात्पर्य, दुकानांत पेटी हातीं घेतल्यावर तीन गोष्टी तपासाव्या. प्रत्येक चित्रपटास स्वतंत्र तबकडी आहे कीं नाहीं, हें वेष्टनावरील तबकड्यांच्या संख्येवरून पाहावें. आपण पुन्हां पाहूं असे त्यांत किती चित्रपट आहेत, तें मोजून मगच भागाकार करावा. आणि त्यांतील एखादा चित्रपट अन्यत्र मिळण्यासारखा नसेल, तर गणित बाजूस ठेवून ती पेटी अवश्य घ्यावी. ह्यांपैकीं एकहि कारण नसेल, तर आवडीचा एकच चित्रपट चांगल्या प्रतींत घेऊन घरीं जावें. कपाट सावकाश भरलें, तरी त्यांतील प्रत्येक तबकडी वर्षांतून एकदां तरी बाहेर निघेल.