देवाणघेवाण शिक्षकापासून सुरू होते

बारामती-इंदापूरच्या आपल्या व्यापारी कुटुंबांत मुलांसाठी शाळा निवडताना आजकाल एक नवा प्रश्न ऐकू येतो : परदेशी शाळेशी देवाणघेवाणीचा कार्यक्रम आहे काय? प्रश्न रास्त आहे. मात्र फीचा तक्ता उघडण्यापूर्वी पालकांनी शेजारच्याच एका शाळेची हकिकत जाणून घ्यावी. इंदापूर ओलांडून सोलापूर रस्त्याने भीमेचा पूल पार केला की माढा तालुका लागतो. त्या तालुक्यातील परितेवाडी या लहानशा गावी जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे.

रणजितसिंह डिसले 2009 मध्ये तेथे शिक्षक म्हणून रुजू झाले, तेव्हा इमारत मोडकळीस आलेली होती; एका अंगास गुरांचा गोठा, दुसऱ्या अंगास कोठार. अनेक मुलींच्या घरची भाषा कन्नड, आणि पुस्तके मात्र त्या भाषेत नव्हती. डिसले स्वतः कन्नड शिकले आणि त्यांनी मुलींसाठी धडे त्या भाषेत उतरवले. मला या हकिकतीतील हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. दूरदेशीच्या वर्गाशी संवाद नंतरचा. पहिली देवाणघेवाण स्वतःच्याच वर्गात घडली. मारवाड-गुजरातेतून आलेल्या आपल्या पूर्वजांनीही गिऱ्हाइकाची बोली आत्मसात करूनच येथे पेढी जमवली होती.

पुढे त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापण्याची कल्पना राबवली. मोबाइल धरताच कविता, चित्रफीत, स्वाध्याय समोर येई. ही पद्धत नंतर राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी स्वीकारली. इंटरनेटच्या आधारे ते घरच्या प्रयोगशाळेतून इतर देशांतील मुलांना विज्ञानाचे प्रयोग दाखवू लागले. असे वर्ग 83 देशांत पोहोचल्याची नोंद पुरस्कार देणाऱ्या संस्थेने केली आहे. विमानाचे तिकीट नाही, व्हिसा नाही!

त्यांचा ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ हा उपक्रम तर अधिक धाडसाचा. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन, इराण-इराक अशा परस्परांकडे संशयाने पाहणाऱ्या देशांतील मुलांच्या जोड्या जुळवायच्या आणि सहा आठवडे त्यांनी एकत्र अभ्यास करायचा. अनेकान्ताची थोरवी आपण पाठशाळेत मुलांना सांगतो. समोरच्याचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकण्याची संधी त्यांना फारशी मिळत नाही. पंधरवड्याची सहल, चार छायाचित्रे आणि खरेदीच्या पिशव्या यांतून ती मिळेल असे मला वाटत नाही.

डिसले यांना 3 डिसेंबर 2020 रोजी दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाला. रुपयांत ही रक्कम सात कोटींच्या वर जाते. अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना निम्मी रक्कम वाटून देण्याचे त्यांनी त्याच वेळी जाहीर केले. प्रत्येकी सुमारे 55,000 डॉलर. आकडेमोडीत हयात गेल्यामुळे असेल, पण हा हिशेब मी पुन्हा करून पाहिला. स्पर्धेत हरलेल्याला नफ्यातील अर्धा वाटा देणारा व्यवहार आमच्या कोणत्याही खातेवहीत माझ्या पाहण्यात नाही.

यानंतरची गोष्ट मात्र तितकी सुखद नाही. त्यांना अमेरिकेची फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली आणि रजेचा प्रश्न उभा राहिला. जानेवारी 2022 मध्ये हा प्रश्न थेट शिक्षणमंत्र्यांपर्यंत गेला. शाळेत शिक्षक नसेल तर वर्गाचे काय, ही प्रशासनाची अडचण खोटी म्हणता येणार नाही. परंतु शिकण्यासाठी जाणाऱ्या शिक्षकाची जागा कोणी भरायची, याची व्यवस्था आधीच ठरलेली असती तर त्याला आपली शाळा की आपले शिक्षण असे निवडावे लागले नसते. मुंबईच्या बाजाराचे वळण समजावे म्हणून मुनिमाला महिनाभर पाठवणारा शेठ गल्ल्यावर दुसरा माणूस बसवूनच त्याला निरोप देतो.

आपल्यातील कित्येक जण शिक्षणसंस्थांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत. अंदाजपत्रकात विद्यार्थ्यांच्या सहलींचे सदर असते. शिक्षकाची पगारी अध्ययनरजा, त्याच्या जागी येणाऱ्याचे मानधन आणि परतल्यावर सहकाऱ्यांना शिकवण्यासाठी त्याला मोकळे तास, यांची तरतूद कोणत्या सदराखाली केली आहे, हे पुढच्या सभेत विचारता येईल.