सरकारी नाटकमंडळीतील दोन अभिनेत्री

पुणे येथे एप्रिल २०२३ मध्ये उत्तरा बावकर यांचे निधन झाले. त्यापूर्वी पावणेदोन वर्षे, १६ जुलै २०२१ रोजी, सुरेखा सिक्री यांनी मुंबईत जगाचा निरोप घेतला होता. बहुसंख्य प्रेक्षकांना या दोन्ही अभिनेत्री परिचित होत्या त्या लहान-मोठ्या पडद्यावरील आई, सासू आणि आजी या नात्याने. सिक्री यांचे नाव निघाले की ‘बालिका वधू’ या मालिकेतील करारी दादीसा डोळ्यांपुढे उभी राहते. बावकरांचे नाव निघाले की ‘तमस’ किंवा ‘एक दिन अचानक’ यांची आठवण होते. मृत्युलेखांचा स्वभावच असा आहे की, सर्वांत शेवटी जे पाहिले गेले ते त्यांत सर्वांत आधी येते, आणि जेथे माणूस घडला ते ठिकाण अखेरच्या परिच्छेदात एका ओळीत उरकले जाते. या दोघींच्या बाबतीत ते ठिकाण म्हणजे दिल्ली; आणि दिल्लीतही मंडी हाउसच्या परिसरातील दोन-तीन नाट्यगृहे व एक जुना संस्थानी वाडा. त्या एका ओळीत त्यांच्या उमेदीची सारी वर्षे सामावलेली आहेत.

उत्तरा बावकर यांचा जन्म १९४४ साली सांगलीस झाला, हा योगायोग खरा, पण मोठा अर्थपूर्ण आहे. याच सांगलीत १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. पुढे १८५१ साली राजेसाहेब निवर्तले, दरबारचा आधार सुटला, आणि भाव्यांना आपली मंडळी घेऊन गावोगाव फिरणे भाग पडले. मराठी रंगभूमी धंदेवाईक झाली ती हौसेने नव्हे, आश्रयदाता गेला म्हणून! त्यानंतरच्या शतकात किर्लोस्कर मंडळी, गंधर्व नाटक मंडळी आणि त्यांच्यासारख्या अनेक कंपन्या तिकिटविक्रीवर उभ्या राहिल्या आणि तिकिटविक्री आटताच बसल्या. त्या कंपन्यांतील नटांना महिन्याचा पगार असे, दोन वेळचे जेवण असे, आणि सकाळ-संध्याकाळ तालीम असे. बोलपट आला, कंपन्या मोडल्या आणि पगारी नट ही संस्थाच महाराष्ट्रातून नाहीशी झाली. नट दिवसा कचेरीत किंवा शाळेत नोकरी करू लागला आणि रात्री नाटक करू लागला.

ती संस्था पुन्हा जिवंत झाली ती दिल्लीत, आणि तीही सरकारी अनुदानावर. संगीत नाटक अकादमीच्या छत्राखाली १९५९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालय स्थापन झाले. १९६२ साली इब्राहिम अल्काझी त्याचे संचालक झाले. त्यांचाही जन्म पुण्याचा, १९२५ सालचा. १९६४ साली विद्यालयाने आपले स्वतःचे रंगमंडळ काढले, म्हणजेच शिक्षण संपविलेल्या नटांना दरमहा वेतन देऊन वर्षभर नाटके करणारी एक मंडळी. १९७५ साली विद्यालय स्वायत्त झाले. भगवानदास रस्त्यावरील बहावलपूर हाउस हे त्याचे घर. एके काळच्या नबाबाच्या या वास्तूत आजही पहाटेचा व्यायाम आणि रात्रीची तालीम चालते. सरकारने चालविलेली नाटकमंडळी म्हटले की, फायली, मंजुऱ्या आणि लेखापरीक्षकाचे आक्षेप यांचे चित्र मनापुढे येते. ते अगदीच खोटे आहे असेही नाही. परंतु आज किती तिकिटे खपली या चिंतेतून नट मुक्त झाला तर काय घडते, याचा हिंदुस्थानातील हा दीर्घ प्रयोग होय, आणि उत्तरा बावकर व सुरेखा सिक्री ही त्याची दोन सुंदर फळे होत.

उत्तराबाई १९६८ साली विद्यालयातून बाहेर पडल्या आणि रंगमंडळात काम करू लागल्या. १९४५ साली दिल्लीत जन्मलेल्या आणि अलीगढ येथे शिकलेल्या सिक्री यांनीही विद्यालयाचे शिक्षण पुरे करून एका तपाहून अधिक काळ याच मंडळीत काढला. अल्काझींची शिस्त कडक होती. विद्यार्थ्याने रंगमंच झाडावा, कपड्यांना इस्त्री करावी, चित्रकला पाहावी, ग्रीक शोकांतिका वाचावी आणि वेळेवर यावे, असा त्यांचा आग्रह असे. रवींद्र भवनाच्या आवारात एका झाडाच्या सावलीत त्यांनी ‘मेघदूत’ नावाचे खुले नाट्यगृह उभारले. फिरोजशहा कोटला आणि पुराना किल्ला येथील भग्न भिंतींचा त्यांनी रंगमंच केला. चार भिंतींच्या नाट्यगृहात जी कुजबूज शेवटच्या रांगेपर्यंत पोचते, ती मोकळ्या आकाशाखाली तिसऱ्या रांगेतही पोचत नाही. अशा ठिकाणी नटाला श्वास पुरवून वापरावा लागतो, शब्दाचे शेवटचे अक्षर खाऊन चालत नाही आणि हाताची हालचाल मोजकी पण मोठी ठेवावी लागते. दोन्ही अभिनेत्रींच्या वाणीत पुढे आयुष्यभर जी स्पष्टता राहिली तिचे मूळ या मेहनतीत आहे.

गिरीश कार्नाडांचे ‘तुघलक’ हे अल्काझींच्या या काळातील गाजलेले नाटक. दिल्लीहून दौलताबादेस राजधानी हलविणाऱ्या सुलतानाची ही कथा दिल्लीच्याच पडक्या किल्ल्यात, ब. व. कारंथ यांच्या हिंदुस्थानी भाषांतरात रंगली. सुलतानाच्या भूमिकेने मनोहर सिंग यांचे नाव देशभर झाले. ‘तुघलक’मध्ये उत्तराबाईंनी आईची भूमिका केली. नाटकातील ही सावत्र आई सुलतानावर जीव लावते, त्याच्या वजिराचा काटा काढते आणि त्या अपराधासाठी सुलतान तिलाच दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा फर्मावतो. पुढे पडद्याने उत्तराबाईंना आईच्या भूमिकेत जणू बंदिस्त केले. पण त्यांची ही पहिली मोठी आई सोशिक नव्हती, सत्तेच्या डावात उतरलेली होती. शिवाय त्या केवळ माताच झाल्या असेही नाही. ‘ऑथेल्लो’मध्ये त्या डेस्डेमोना होत्या, ‘मेना गुर्जरी’त मेना, ‘मुख्यमंत्री’ नाटकात पद्मावती, सुरेंद्र वर्मा यांच्या ‘छोटे सैयद बडे सैयद’मध्ये नर्तकी आणि ‘उमराव’मध्ये प्रत्यक्ष उमराव. व्हेनिसच्या सरदाराची मुलगी, गुर्जर स्त्री, लखनौची गणिका अशा एकमेकींपासून दूरच्या स्त्रिया एकाच नटीने, एकाच पगारावर उभ्या केल्या. भूमिका नटाला पाहून लिहिली जाण्याऐवजी नटाने भूमिकेकडे चालत जावे, ही रंगमंडळाची रीत होती. हिंदी रंगभूमीवरील अभिनयाबद्दल संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार उत्तराबाईंना १९८४ साली आणि सिक्री यांना १९८९ साली मिळाला. सांगलीच्या मुलीला हिंदी रंगभूमीसाठी हा मान मिळावा, यात उर्दू-हिंदीचे उच्चार कमावण्याचे किती कष्ट दडले असतील, हे दिल्लीत राहिलेल्या कोणाही मराठी माणसास वेगळे सांगावयास नको.

आणखी एका नाटकाचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. १९७८ साली उत्तराबाईंनी जयवंत दळवी यांचे ‘संध्या छाया’ कुसुम कुमार यांच्या हिंदी रूपांतरात दिग्दर्शित केले. मुले दूर गेलेल्या, घरात एकमेकांखेरीज कोणी नसलेल्या वृद्ध जोडप्याचे हे नाटक. मराठी प्रेक्षकांना त्यातील घर ओळखीचे होते. दिल्लीतही अशी घरे पुष्कळ होती, कारण या शहरात नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे निवृत्तीनंतर येथेच राहत आणि मुले पुढे परदेशी जात.

दूरदर्शनचा प्रसार ही या कहाणीतील दुसरी घटना. दिल्लीत दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी, म्हणजे नाट्य विद्यालयाच्याच जन्मवर्षी झाला. परंतु तिला देशव्यापी रूप आले ते १९८२ नंतर. मालिका सुरू झाल्या आणि नटांची गरज एकदम वाढली. चित्रपटातील तारे या नव्या माध्यमाकडे तुच्छतेने पाहत होते. मालिकांचे चित्रण भराभर होई, संवाद लांबलचक असत आणि पुन्हा पुन्हा चित्रण करण्याइतका वेळ व पैसा नसे. पाठांतर पक्के, उच्चार शुद्ध आणि वेळेवर हजर, अशी माणसे कोठे मिळणार? बहावलपूर हाउसमध्ये! श्याम बेनेगल, गोविंद निहलानी यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी ही माणसे हेरली.

निहलानी यांचे ‘तमस’ १९८८ च्या आरंभी दूरदर्शनवरून प्रसारित झाले. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरील, फाळणीपूर्व दंगलींचे चित्रण करणारी ही कृती थांबवावी म्हणून न्यायालयात अर्ज झाले; मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहिली आणि प्रसारणास आडकाठी केली नाही, सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. दिल्लीच्या रंगमंडळातील मनोहर सिंग, सुरेखा सिक्री आणि उत्तरा बावकर हे तिघेही ‘तमस’मध्ये होते. सिक्री यांची राजो, आपल्याच घरातील पुरुषांचा रोष पत्करून शीख म्हाताऱ्या जोडप्याला आसरा देणारी मुसलमान स्त्री, ही या कलाकृतीतील सर्वांत लक्षात राहणारी व्यक्तिरेखा म्हटली पाहिजे. त्या भूमिकेने त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. पुढे ‘मम्मो’ आणि ‘बधाई हो’ यांसाठी तोच पुरस्कार त्यांना आणखी दोनदा लाभला. ‘बधाई हो’ हा २०१८ सालचा चित्रपट दिल्लीतील एका मध्यमवर्गीय घरात घडतो. त्यातील तिखट जिभेच्या आजीचे प्रत्येक वाक्य प्रेक्षागृहात हशा पिकवी. ती वाक्ये कोठे थांबवावीत याचे ज्ञान मात्र रंगभूमीचे होते.

‘तमस’नंतर लवकरच ‘उडान’ आली. विद्यालयाच्याच कविता चौधरी यांनी आपल्या भगिनी कांचन चौधरी भट्टाचार्य या पोलीस अधिकाऱ्याच्या जीवनावरून ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि तिच्यात प्रमुख भूमिकाही केली. मुलीने भारतीय पोलीस सेवेत जावे असे अनेक घरांत प्रथम बोलले गेले ते या मालिकेमुळे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. तिच्यात उत्तराबाई होत्या आणि विक्रम गोखलेही होते. गोखले २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, उत्तराबाई त्यानंतर पाच महिन्यांच्या आत आणि कविता चौधरी १५ फेब्रुवारी २०२४ रोजी गेल्या. ज्यांची ही कथा होती त्या कांचन चौधरी तर २०१९ सालीच निवर्तल्या होत्या. याच विद्यालयाचे सतीश कौशिक ९ मार्च २०२३ रोजी गुरुग्राम येथे निधन पावले. करोलबागेत वाढलेल्या या विनोदी नटाने चित्रपटसृष्टीत दिग्दर्शक म्हणूनही नाव कमावले होते. अल्काझी ४ ऑगस्ट २०२० रोजी दिल्लीत निवर्तले. गुरू आणि शिष्य यांची एक पिढी पाच वर्षांच्या आत अशी ओळीने नाहीशी झाली.

मृणाल सेन यांचा ‘एक दिन अचानक’ हा उत्तराबाईंचा पडद्यावरील कळस म्हणता येईल. कलकत्त्यातील एक प्राध्यापक पावसाळी संध्याकाळी घराबाहेर पडतो आणि परत येत नाही. मागे राहिलेले कुटुंब तो का गेला असेल याचा विचार करीत राहते. प्राध्यापक डॉ. श्रीराम लागू, पत्नी उत्तरा बावकर. या भूमिकेत मोठे प्रसंग जवळजवळ नाहीत. वाट पाहणे, चिडणे, मुलांपुढे न रडणे आणि हळूहळू नवऱ्याविषयी आपल्याला फारसे काही ठाऊक नव्हते हे उमगणे, एवढेच त्या पत्नीचे काम. खुल्या किल्ल्यात आवाज फेकण्यास शिकलेल्या नटीने येथे आवाज जवळजवळ मिटवून टाकला आहे. सहायक अभिनेत्रीचा १९८८ सालचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना यासाठीच मिळाला.

मराठी प्रेक्षकांना आपली ही अभिनेत्री तशी उशिरा मिळाली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘दोघी’त १९९५ साली त्या खेड्यातील आई झाल्या. ज्या लेकीच्या कमाईवर घर जगले, ती लेक मुंबईहून परत येते तेव्हा तिला उराशी धरण्याचे धैर्य या आईजवळ नसते. प्रेक्षकाने आईचा राग करावा, की कीव करावी, हे उत्तराबाई शेवटपर्यंत ठरवू देत नाहीत. पुढे याच दिग्दर्शकांचा ‘वास्तुपुरुष’ झाला, आणि बिपिन नाडकर्णी यांचा ‘उत्तरायण’ही. ‘उत्तरायण’ दळवींच्याच लेखनावर आधारलेला आहे. तो आजही पाहावयास मिळतो. दिल्लीतील ‘संध्या छाया’ मात्र काही छायाचित्रांत, जुन्या वृत्तपत्रांतील परीक्षणांत आणि त्या रात्री प्रेक्षागृहात बसलेल्या, आता सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या आठवणीत तेवढे उरले आहे.