दुष्काळ करंडकाचा, की शिक्षणाचा?

कोल्हापूरहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर कागल मागे पडले आणि दूधगंगेचा पूल ओलांडला, की कोगनोळी लागते. गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात, निपाणीच्या अंगाला. पण घरातली बोली मराठी आणि मनाची ओढ कोल्हापूरची. या ओढीत सोयरीक आहे, बाजारहाट आहे आणि ज्याची नोंद सीमाप्रश्नाच्या कोणत्याही अहवालात सापडणार नाही असा फुटबॉलही आहे.

कोल्हापूरच्या फुटबॉलचे वेगळेपण बाहेरच्या वाचकांस सांगावयास हवे. कुस्तीच्या या नगरीत तालमींनीच चेंडूलाही आश्रय दिला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे तालमींची व मंडळांची असली, तरी हंगामात ती संघांची होतात. खेळाचा कारभार पाहणारी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० सालची. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचे संघ समोरासमोर आले, की गावाचे दोन भाग पडतात. जिंकलेल्या पेठेत गुलाल उधळला जातो. हरलेल्या पेठेत त्या रात्री जेवणावर वासना नसते.

अशा प्रेक्षकाच्या वाट्याला वर्षामागून वर्षे अपयश आले, म्हणजे त्याच्या दुःखाला एकच वाट सापडते. ती प्रशिक्षकाच्या दारात जाऊन थांबते. दमलेला खेळाडू वेळेवर बदलला नाही, एका गोलची आघाडी मिळताच सारा संघ मागे ओढून घेतला, उमेदीच्या पोराला बाकावर बसवून ठेवले, असे आरोप कट्ट्यावर रात्री उशिरापर्यंत चालतात. शेवटी निकाल एकच लागतो: “माणूस बदला.” या संतापाला हसण्याचे कारण नाही. ज्याचे प्रेम नाही तो रागावत नाही. परंतु रागाला जो प्रश्न सुचतो तो योग्य आहे काय, हे एकदा शांतपणे पाहावयास हवे.

दोन राज्ये, दोन दुष्काळ

राज्यांच्या संघांमध्ये संतोष करंडकासाठी १९४१ पासून सामने होत आले आहेत. या करंडकाच्या इतिहासात कोगनोळीचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. १९५४-५५ मध्ये मुंबईच्या संघाने तो जिंकला, तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर १९६३-६४ मध्ये महाराष्ट्राने करंडक जिंकला आणि १९६७-६८ व १९६८-६९ अशी लागोपाठ दोन वर्षे म्हैसूरने. गाव जागचे हलले नाही. ‘आपला’ संघ कोणता, हे मात्र नकाशा ठरवू लागला.

पुढे दोन्ही राज्यांवर अवर्षण आले. महाराष्ट्राला १९९०-९१ पर्यंत थांबावे लागले. १९९९-२००० मध्ये त्रिचूर येथे केरळला त्याच्याच भूमीवर ३-२ असे नमवून महाराष्ट्राने चौथे विजेतेपद मिळविले. त्या घटनेला पंचवीस वर्षे उलटली. मधल्या काळात २०१६ मध्ये नागपूरला, घरच्याच मैदानावर, अंतिम सामना लाभला, तोही सेनादलाने २-१ असा जिंकला. याच काळात बंगाल आपल्या विजयांची रास वाढवीत राहिला. ३१ डिसेंबर २०२४ रोजी त्याने ३३ वे विजेतेपद पटकाविले.

कर्नाटकाची कथा अधिक दीर्घ आहे. १९७५-७६ च्या अंतिम सामन्यात बंगालकडून पराभव झाला, त्यानंतर अंतिम फेरीचे दर्शन घडण्यास ४७ वर्षे लागली. ४ मार्च २०२३ रोजी सौदी अरेबियातील रियाध येथे कर्नाटकाने मेघालयाला ३-२ असे हरविले आणि ५४ वर्षांचा उपवास सुटला. १९६९ मध्ये विशीत असलेला प्रेक्षक तोवर पंचाहत्तरीला टेकला होता. इतक्या वर्षांत किती प्रशिक्षक आले आणि गेले असतील! केवळ माणसे बदलून करंडक मिळाला असता, तर तो कितीतरी आधी मिळावयास हवा होता.

एक हिशेब मुंबईचा

प्रशिक्षकाचे मोल कसे चुकते, याचे बोलके उदाहरण मुंबईतच आहे. खालिद जमील यांनी २००९ पासून सुमारे सात वर्षे मुंबई एफसी हा संघ सांभाळला. साधने तोकडी, करंडक एकही नाही. पण देशाच्या पहिल्या श्रेणीतून संघ त्यांनी खाली घसरू दिला नाही. प्रेक्षकाच्या वहीत या कामगिरीची किंमत काय? शून्य. २०१६ मध्ये दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्याच हंगामात, २०१६-१७ मध्ये, जमील यांनी मिझोरामच्या ऐझॉल संघाला आय-लीगचे अजिंक्यपद मिळवून दिले, आणि मुंबई एफसी तळाला गेली. हेच जमील २०२५ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक नेमले गेले.

या गोष्टीचे तात्पर्य ‘प्रशिक्षकाला कधीही बदलू नये’ असे काढण्याची घाई नको. ऐझॉल हे कोल्हापूरहून लहान शहर आहे. तरीही त्या डोंगराळ राज्यातून चेंडू हाताळण्यात तरबेज झालेली मुले वर्षानुवर्षे तयार होत होती. मिझोरामने २०१३-१४ मध्ये संतोष करंडकही जिंकला होता. जमील यांना तेथे नांगरलेली जमीन मिळाली. उत्तम प्रशिक्षक पीक काढील; पण नांगरट कोणी केलीच नसेल, तर तोही आभाळाकडेच पाहत बसेल.

रहीमसाहेबांची शाळा

भारतीय फुटबॉलचा सुवर्णकाळ ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे, आणि पेशाने शाळामास्तर. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ मध्ये दिल्लीला आशियाई सुवर्णपदक मिळविले, १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक गाठला आणि १९६२ मध्ये जाकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून पुन्हा सुवर्ण जिंकले. त्या स्पर्धेत जर्नेलसिंग या बचावपटूच्या डोक्याला इजा होऊन टाके पडले होते. रहीमसाहेबांनी त्याला घरी बसविले नाही, आघाडीला खेळविले. अंतिम सामन्यातील दोन गोलांपैकी एक त्याचा!

कट्ट्यावरचा प्रेक्षक या निर्णयावर लुब्ध होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु अशी युक्ती सुचण्यापूर्वी आपल्या खेळाडूंना कोठेही उभे केले तरी चेंडू कसा घ्यावा, कोठे धावावे हे कळते, अशी खात्री असावी लागते. ती खात्री सामन्याच्या दिवशी मिळत नाही. सरावाच्या शेकडो सकाळी ती देतात. जून १९६३ मध्ये रहीमसाहेब गेले. १९७० च्या कांस्यपदकानंतर आशियाई क्रीडास्पर्धांतील फुटबॉलचे एकही पदक पुरुषांच्या संघाने आणलेले नाही.

मंगळवारची सकाळ

आता आपल्या परिसराकडे वळू. मुलाला चेंडू पायात अलगद थांबविणे, दोन्ही पायांचा सारखा वापर, चेंडू येण्यापूर्वीच मान वळवून मैदान पाहणे, आणि चेंडू जवळ नसताना योग्य जागी असणे, या चार गोष्टी आठ ते बारा या वयात अंगी मुरतात. विशीत त्या शिकविणे म्हणजे मोठेपणी बाराखडी गिरविण्यासारखे आहे. महाविद्यालयीन संघाचा प्रशिक्षक नेमका तेथेच सापडतो. हंगाम चार महिन्यांचा, परीक्षा डोक्यावर, आणि हाती आलेला मुलगा दमदार पण बाराखडीत कच्चा. वर पराभवाचे खापर त्याच्याच माथी.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे. निपाणीला खेटून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कागल तालुक्यात येते आणि शिवाजी विद्यापीठाशी जोडलेले आहे. निपाणी शहरातली महाविद्यालये बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाची. एकाच मैदानावर वाढलेली दोन मुले प्रवेश कोठे मिळाला एवढ्यावरून दोन विद्यापीठांच्या संघांसाठी धडपडतात. अशा मुलांना दोन्ही राज्यांनी आपले म्हणावे, ही अपेक्षा. कोणीच आपले म्हणू नये, ही धास्ती.

कोल्हापूरच्या अनिकेत जाधवने २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाचा पोशाख चढविला, तेव्हा पंचक्रोशीचा ऊर भरून आला. पण त्याची घडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली, हे विसरून चालणार नाही. एवढे प्रेक्षक, एवढ्या तालमी, एवढा जीव. आणि तरी गुणी मुलाला शिकण्यासाठी लहानपणीच घर सोडावे लागते!

म्हणून प्रेक्षकाने राग सोडू नये, त्याचा पत्ता बदलावा. रविवारी संघ का हरला, हे जरूर विचारावे. पण त्याबरोबर मंगळवारी सकाळी आपल्या मंडळाची दहा वर्षांची मुले काय करीत होती, त्यांना शिकविणारा रीतसर शिकलेला आहे काय, आणि त्याला वर्षभर मानधन मिळते काय, हेही विचारावे. बाहेरगावचा खेळाडू एका हंगामासाठी आणण्यास जी वर्गणी निघते, तिच्यातील थोडा वाटा या शिक्षकासाठी निघावयास हरकत नाही. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर येथील मराठी मंडळांनाही हे लागू आहे. खेळ वेगळा असेल, हिशेब हाच.

रियाधला कर्नाटकाचा दुष्काळ संपला, त्या रात्री कोगनोळीच्या मराठी घरांत त्या विजयाला आपला म्हणावे की परका, असा प्रश्न कोणाला पडला असल्यास नवल नाही. त्याचे उत्तर एखाद्या पोराच्या पायात आहे. तो या गावच्या मैदानावर नीट शिकून उभा राहिला, तर महाराष्ट्राचा पोशाख घालो की कर्नाटकाचा, करंडक आपल्याच अंगणात येईल.