शेवटची केबल पहिल्या स्विचला

मोठ्या कार्यालयाच्या सर्व्हर रूममध्ये एकावर एक बसवलेल्या स्विचच्या मागे डोकावलं, तर जाडजूड, आखूड केबल दिसतात. त्या फक्त स्विच एकमेकांना जोडण्यासाठी असतात. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं करत खाली यायचं आणि तळाच्या स्विचमधून एक लांब केबल वर पहिल्याला आणायची. ही शेवटची केबल नसली तरी सगळं सुरळीत चालतं. म्हणूनच ती राहून जाते.

सिस्कोने २००३ साली कॅटॅलिस्ट ३७५० स्विचबरोबर हे ‘स्टॅकवाइज’ तंत्र आणलं. नऊपर्यंत स्विच मिळून एकच होतात: एक मास्टर, एक आयपी पत्ता. वर्तुळ पूर्ण असताना वेग सेकंदाला ३२ गिगाबिट. एखादी केबल निघाली तर तो १६वर येतो, पण माहिती उलट्या दिशेने पोहोचते. वर्तुळ मुळातच उघडं असेल, तर मधली केबल निघताच स्टॅकचे दोन तुकडे होतात. मास्टरविना उरलेला तुकडा नवा मास्टर निवडतो आणि दोघेही तोच आयपी पत्ता सांगू लागतात. माझ्या मते यापेक्षा सगळं बंद पडलेलं परवडलं; निदान बिघाड चटकन कळतो.

गंमत म्हणजे साध्या इथरनेट पोर्टांनी असंच वर्तुळ केलं, तर घात होतो. इथरनेटच्या फ्रेमला आयुर्मर्यादा नसते. सर्वांसाठीचा संदेश फिरत राहतो, त्याच्या प्रती वाढतात आणि नेटवर्क गुदमरतं. रेडिया पर्लमन यांनी १९८५मध्ये रचलेलं स्पॅनिंग ट्री जादा वाट बंद ठेवून हे टाळतं. पण त्यालाही मर्यादा आहेत. नोव्हेंबर २००२मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस रुग्णालयाचं अस्ताव्यस्त वाढलेलं नेटवर्क अशाच चक्रात कोसळलं आणि डॉक्टर काही दिवस पुन्हा कागदावर आले.

मुख्य नेटवर्ककडे जाणाऱ्या दोन अपलिंकही एकाच स्विचमधून काढू नयेत. तो गेला की दोन्ही गेल्या. त्या वेगवेगळ्या स्विचमधून काढून एकत्र बांधल्या, की एकीलाही बंद ठेवावं लागत नाही. वीजजोडण्याही शक्यतो वेगळ्या असाव्यात.

आणि लांब केबल नसेल तर? एक सोडून एक जोडावं: १-३, ३-५, ५-४, ४-२, २-१. सगळ्या केबल आखूड, वर्तुळ पूर्ण. मग ‘शो स्विच स्टॅक-रिंग स्पीड’ ही आज्ञा द्यायची. उत्तरात ‘फुल’ आहे की ‘हाफ’, तेवढं बघायचं.