प्लास्टिकचा जोड का सुटतो?

रेडिएटरच्या पंख्याचे फुटलेले आवरण इपॉक्सीने जोडून द्यावे आणि आठ दिवसांत गिऱ्हाईकाने ते परत आणावे, हा अनुभव आपल्या अनेक गॅरेजवाल्या बंधूंना असेल. मजुरी जाते, शब्दही जातो. दोष इपॉक्सीला दिला जातो. आमच्या मते तो बहुधा पृष्ठभागाचा असतो.

असे भाग पुष्कळदा काचेचे धागे मिसळलेल्या पॉलिप्रॉपिलीनचे असतात. मागे 'पीपी-जीएफ 30' असा शिक्का असेल, तर त्यात वजनाने 30 टक्के काच आहे असे समजावे. काचेने मजबुती येते, पण वरची कातडी मेणासारखी पॉलिप्रॉपिलीनचीच राहते. तिची पृष्ठऊर्जा सेंटिमीटरला सुमारे 30 डाइन, तर इपॉक्सीचा पृष्ठताण 45च्या आसपास. म्हणून इपॉक्सी पसरत नाही, आणि नुसत्या पॉलिश पेपरने घासून हे पुरते सुधारत नाही.

उपाय ज्योतीचा. साबणाने व अल्कोहोलने तेलकटपणा काढावा, अल्कोहोल पूर्ण उडू द्यावे. मग गॅसची निळी ज्योत न थांबता झरकन फिरवावी. थांबलात की प्लास्टिक वितळले! पृष्ठभागाला ऑक्सिजनचे अणू जोडले जातात व इपॉक्सीला पकड मिळते. पाण्याचा थेंब गोळा न होता पसरला, तर काम झाले. पुसून वाळवून लगेच जोडावे. बोट लावू नये. कारखान्यांत हेच काम कोरोना किंवा प्लाझ्मा यंत्रे करतात.

पेट्रोलच्या टाकीजवळ मात्र ज्योत नेऊ नये. भाग काढूनच काम करावे.