वाफसा मोजणाऱ्या सळ्या



उसाला पाणी कधी द्यायचे हे आपल्याकडे बहुधा पीक ठरवत नाही. कॅनॉलची पाळी आणि लाईट ठरवते. रात्री लाईट आली की गडी बॅटरी घेऊन दारं धरायला निघाला. शेताला तहान आहे का, हे विचारतो कोण? कृष्णाकाठच्या कितीतरी काळ्याभोर जमिनी अशाच जादा पाण्याने क्षारपड झाल्या.

मुठीत माती दाबून वाफसा ओळखण्याची आपली रीत चांगली आहे, पण ती वरच्या थराचीच गोष्ट सांगते. खाली मुळांपाशी काय चालले आहे, ते विजेच्या साहाय्याने कळू शकते. ओल्या मातीतून वीज सहज वाहते, कोरडीतून अडखळते. हा अडथळा मोजला की ओलाव्याचा अंदाज येतो. अमेरिकेतील मिशिगनमध्ये बोयूकोस या मृदाशास्त्रज्ञाने 1940 साली जिप्समच्या ठोकळ्यात तारा बसवून हेच केले. दुसऱ्या जातीची यंत्रे विजेचा भार साठवण्याची मातीची शक्ती मोजतात. पाण्यात ती सुमारे 80 पट, कोरड्या मातीत जेमतेम 3 ते 5 पट. म्हणून थोडा ओलावा वाढला तरी फरक पडतो.

खास उसवाल्यांसाठी कोईमतूरच्या ऊस पैदास संस्थेने दिव्यांचा दर्शक काढला आहे. सळ्या मातीत खुपसायच्या. निळा दिवा म्हणजे भरपूर ओल, हिरवा म्हणजे पुरेशी, नारिंगी लागला तर पाणी द्यावे, तांबडा लागला तर लगेच द्यावे. आकडे वाचायची भानगडच नाही.

आपल्या मुंबईतही हे काम झाले आहे. कांजूरमार्ग स्टेशनला उतरून पवईकडे गेले की आयआयटी लागते. आपल्या गावची पुष्कळ पोरं त्या बाजूला नोकरीला आहेत, त्यांना ठाऊक असेल. तेथील केंद्रात वाढलेल्या कंपनीचे ‘सॉईलसेन्स’ हे यंत्र 11 मे 2020 रोजी जाहीर झाले. मातीची ओल व तापमान, हवेतील दमटपणा व उष्मा मोजून मोबाईलवर पाण्याचा सल्ला देणे, हे त्याचे काम.

आता सावधगिरीची गोष्ट, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. ज्या यंत्रात उघड्या सळ्यांतून वीज थेट मातीत जाते, ते खारट जमिनीत फसवते. क्षारामुळे वीज जास्त वाहते, म्हणून ऊस सुकत असतानाही यंत्र ‘ओल आहे’ म्हणते. मुरमाड रानात उलटे: सळीभोवती पोकळी राहिली की ओल्या मातीतही ते कोरडे दाखवते. तेव्हा विकणाऱ्याला आधी विचारा, यंत्र कोणत्या जातीचे आहे.

घेतलेच तर सरीच्या तळात खुपसू नका. वरंब्याच्या कुशीत, मुळांजवळ, एकदा वीतभर आणि एकदा हातभर खोल पाहा. वर कोरडे पण खाली ओल असेल तर दोन दिवस थांबायला हरकत नाही. पाणी दिल्यानंतर रान वाफशावर आले की त्या दिवशीचा आकडा किंवा दिव्याचा रंग वहीत लिहून ठेवा. शेजाऱ्याचा आकडा तुमच्या कामाचा नाही. माती बदलली की आकडा बदलतो.

यंत्र घेण्याआधी माती परीक्षणाचा अहवाल घेऊन शेतकी ऑफिसात या. त्यातील क्षारतेचा आकडा पाहून कोणते यंत्र चालेल ते सांगता येईल.

— ऊस विकास अधिकारी